तांब्याभर समुद्र

मित्रांनो, मुरुम गावच्या मथुराबाईंच्या फडताळात बसलेला मी एक म्हातारा फिरकीचा तांब्या. पितळेचा आहे, आतून कल्हई केलेला. माझ्या झाकणाला आटे आहेत. ते फिरवून बसवलं की थेंब सांडत नाही. मथुराबाईंच्या आईनं मला लेकीच्या लग्नात दिलं. पुढं तुळजापूरची यात्रा असो की सोयऱ्यांचं लग्न, एसटीत मी त्यांच्या मांडीवर असे. "ह्याच्यातलं पाणी गारच ऱ्हातं," असं शेजारचे प्रवासी म्हणत. मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी फडताळात गेलो.

गेल्या हिवाळ्यात मथुराबाईंनी मला पुन्हा काढलं, चिंचेनं लख्ख घासलं. नागूबाई आणि दैवशालाबाई या दोन मैत्रिणींबरोबर त्या मुंबईला निघाल्या होत्या. तिघींनीही जन्मात समुद्र पाहिला नव्हता. दोन वर्षं बेत चालला होता. आणि जायच्या आठ दिवस आधी मथुराबाई अंगणात घसरल्या. पायाला प्लास्टर!

मैत्रिणी भेटायला आल्या तेव्हा त्या भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "जावा की. तुमचे पाय धड हायत. हा तांब्याबी न्या. मला आता कुठं जायचंय!"

शनिवारी दोघी मुंबईत पोचल्या. इमारतींचे मजले मोजता मोजता दैवशालाबाईंचा पदर घसरला. चौपाटीवर भेळ खाल्ली, तिखटानं दोघींच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. मग नागूबाई मला घेऊन उठल्या आणि लाटेत बुडवलं.

"नागे, येडी का काय? खारं पाणी हाय ते, कल्हई खाईल."

"खाऊ दे. मैत्रिणीचं भांडं रिकामं परत देऊ व्हय?"

खरं सांगू? आत फार झोंबलं. पण झाकण मी घट्ट धरून ठेवलं.

सोमवारी सकाळी दोघी एसटीतून उतरल्या त्या पिशव्यांसकट थेट मथुराबाईंकडं. त्या बाजेवर बसल्या होत्या.

"ठिवा तिथं," त्या वर न बघता म्हणाल्या. मग नागूबाईंनी मला त्यांच्या हातातच दिलं. "जड का लागतोय गं? मुंबईच्या नळाचं पाणी आणलं व्हय मला?"

"चाखून बघ."

त्यांनी झाकण फिरवलं, बोट बुडवून जिभेला लावलं. तोंड वाकडं झालं. "अगं बया! मिठाचं पोतं सांडलं व्हय कुणी ह्यात?"

तिघीही हसल्या. हसता हसता मथुराबाईंनी डोळ्याला पदर लावला. "किती लांब दिसतो गं?"

"शिवारात हुबं राहिल्यावर दिसतं न्हाय का, तितका. अन् सगळं पाणीच!"

मथुराबाईंनी धड असलेला पाय बाजेखाली सोडला आणि मला त्याच्यावर हळूहळू रितं केलं. "भिजला गं बाई माझाबी पाय," त्या म्हणाल्या. "आता बसा, अन् पहिल्यापस्नं सांगा. काय गाळू नका."

मित्रांनो, माझी कल्हई गेली ती गेलीच. बुडाशी हिरवे डागही धरलेत. तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं भांडं असेल तर त्याला चिंच लावा, कल्हईवाला दिसला तर हाक मारा. पण गावाहून फिरून आलात की आधी मागं राहिलेल्या माणसाकडं जा. पिशव्या मग उघडता येतात.