वशिंड नसलेलं खोंड

कुंडलच्या अलीकडे आमची वाडी आहे आणि वाडीत सुभेदार हंबीरराव आहे. शाळेत माझ्याच वर्गात होता. फौजेतून पेन्शनीवर आला तेव्हापासून आम्हाला शिस्त लावायचं काम त्यानं स्वतःहून अंगावर घेतलं. आधी चौकात मोटरसायकली वेड्यावाकड्या लावणाऱ्यांना झापलं, मग गुरांच्या व्यापाऱ्याच्या टेम्पोला आडवा झाला. "आमच्या गावचं जनावर कसायाच्या दारात जाणार न्हाई," असं म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागला. व्यापारी पुन्हा फिरकला नाही.

आता व्यापारी काय नेत होता ते सांगतो. आमच्याकडे घरटी जर्सी गाई. गाय व्याली की घरचे आधी वासराच्या शेपटीखाली बघतात. कालवड असली तर पेढे, खोंड असलं तर तोंडं लांब. नांगराला ट्रॅक्टर आला, आणि जर्सीच्या खोंडाला मानेमागचा उंचवटा, वशिंडच नसतं, त्यामुळे मानेवर जू टिकत नाही. दूध नाही, काम नाही. ते व्यापारी न्यायचा आणि पुढं त्याचं काय व्हायचं हे कुणी विचारायचं नाही. त्यातून आलेल्या पैशात नवी गाय यायची आणि आम्ही दूधधंद्याच्या गप्पा छाती फुगवून मारायचो. गोवंश कापायला बंदीचा कायदा झाला, टेम्पो थांबला, खोंडं जन्मायची काही थांबली नाहीत. दुभत्या गाईइतकाच चारा त्यांना लागायचा, भर उन्हाळ्यात पाणीही तेवढंच. तरी वाडीत मोठं झालेलं खोंड एकही दिसत नव्हतं. कुठं गेली, असं एकमेकांना विचारायची आमच्यात रीत नव्हती.

हंबीररावाच्या गोठ्यात तेवढं एक उरलं होतं, तांबडं, दीड वर्षाचं. त्याची सून पूजा धारेला बसली की म्हणायची, "आवं मामा, ह्येचं काय करायचं ठरवलंसा?" सुभेदार मिशीला हात लावून गोठ्याबाहेर जायचा. शेवटी एका सकाळी त्यानं खोंड पिकअपमध्ये चढवलं, वर ताडपत्री टाकली आणि एकटाच साताऱ्यावरून मेढ्याच्या वरच्या डोंगरात निघाला. वाटेत कुणी अडवील म्हणून जीव मुठीत धरून गाडी चालवत होता. ह्याला भीती कुणाची, तर ह्याच्यासारख्याच चौकात आडवं होणाऱ्यांची! हे सगळं नंतर त्यानंच सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

डोंगरात एका वळणावर बांधाला गाडी लावून त्यानं मागचं फळकं पाडलं. खोंड उतरलं. सुभेदार दावं सोडणार, तोच वरच्या घरातून एक म्हातारी लगबगीनं खाली आली. अंबूबाई तिचं नाव. तिचा एक बैल पावसाळ्याआधी मेला होता. भावकीतल्या कुणीतरी खालच्या मुलखातून दुसरा मिळवून देतो म्हणून कबूल केलं होतं. तिला वाटलं, तोच आला.

"आला बया माजा बैल!" म्हणत तिनं सुभेदाराला बोलूच दिलं नाही. दारात जनावर पहिल्यांदा आलं की करतात ते सगळं तिनं केलं. तांब्याभर पाणी खोंडाच्या पायांवर ओतलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, कपाळाला हळदकुंकू लावलं. मग सुभेदाराला ओट्यावर बसवून चहा दिला.

"देवमानूस हायसा तुमी. लोकं खाटकाला इकत्यात, तुमी गरिबाच्या दारात आणलंसा."

खरं सांगायला सुभेदारानं तोंड उघडलं होतं, ते कपाला लावलं. लाज तर वाटलीच, म्हणतो, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. बाईला बैल हवाय, आपल्याला खोंड नकोय, झालं की मग!

म्हातारी खोंडाच्या पाठीवरून हात फिरवत मानेपाशी आली आणि तिथं तिचा हात थांबला. तिनं पुन्हा चाचपलं.

"ह्येला वशिंड न्हाई," ती म्हणाली. "जू कशावर ठिवू मी?"

सुभेदार कपातल्या चहाकडं बघू लागला.

"म्हंजे तुमीबी सोडायलाच आलायसा." तिनं आवाज चढवला नाही. "तिकडं वर बगा. नाचणी हुती माजी. तुमच्याकडच्या खोंडांनी येक रोप ठिवलं न्हाई. झरा तुडवून चिखल केला, प्यायचं पानी आता खालनं आणतो आमी. हाकलावं तर कुटं हाकलू? उपाशी मरत्यात बिचारी. तुमी पुण्य करून जाता आन् हितं आमी निस्तरत बसतो." जरा थांबून म्हणाली, "ह्येला घिऊन जावा, बाबा. म्या ओवाळलंय त्येला. माज्या डोळ्यादेखत मरायला नगं."

सीमेवर उभा राहिलेला माणूस ओट्यावरून उठला. कप विसळून ठेवतो म्हणाला, तर तिनं तो हातातून काढून घेतला. खोंड चढवताना मागून रेटा तिनंच दिला.

दुपारी पिकअप चौकात आली. येताना ताडपत्री घालायचं त्याला सुचलंच नव्हतं. खोंडाच्या कपाळावरचं कुंकू बघून आम्हाला वाटलं, ह्यानं कुठंतरी टेम्पो अडवून जनावर सोडवलं आणि पुजलं. डेअरीचा चेअरमन दादासो ओरडला, "सुभेदारांनी आणि येक सोडवून आणलं रं!" दादासो स्वतःच पळत जाऊन हार घेऊन आला. मी फोटोसाठी मोबाईल काढला.

सुभेदार खाली उतरला. एरवी फोटो म्हटला की ह्याची मिशी वर जायची. आज मान वर होत नव्हती. गळ्यापर्यंत आलेला हार त्यानं हातानं अडवला.

"सोडवून न्हाई आणलं. माजंच हाय. मेढ्याच्या वर टाकाय गेलतो. येका म्हातारीनं परत लावून दिलं. मला लाज वाटाय लागलीया, हार घालू नगासा."

आता कुणीतरी हसणार, असं मला वाटलं. ह्यानं आम्हाला इतकं झापलंय की हसायचा हक्कच होता आमचा. कुणी हसलं नाही. ज्याला बघावं तो जमिनीकडं बघत होता.

दादासो हार हातात तसाच धरून सुभेदाराच्या जवळ सरकला. एवढ्या मोठ्या तोंडाचा माणूस, पण मी शेजारी होतो म्हणूनच मला ऐकू आलं.

"सुभेदार, तितं येक बांडं खोंड दिसलं का वं? आमचं हाय. हाक मारली की येतंय."