किटली चर्चबाहेर उकळली तो शनिवार

मित्रांनो, किटली म्हटलं की तुम्हाला टपरीवरची ॲल्युमिनियमची चहाची किटली आठवेल. मी तिची थोरली बहीण. निळ्या तामचिनीची, अंगभर पांढरे ठिपके असलेली, आणि इतकी मोठी की भरल्यावर मला उचलायला दोघी लागतात. आता म्हातारी झाले आहे. तोटीजवळचा कपचा उडाला आहे, झाकणाची मूठ दोनदा बदलली आहे. पण बूड अजून शाबूत आहे आणि डोकंही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या नॉर्डलेक या गावी, लुथरन चर्चच्या तळघरात माझा जन्म गेला.

माझा खरा जन्म कारखान्यातला. लोखंडी पत्र्याला ठोकून आकार दिला, तामचिनीच्या रंगात बुडवलं आणि भट्टीत भाजून काढलं. चर्चमधल्या बायकांनी गोधड्या शिवून विकल्या आणि मला आणलं. तेव्हा त्यांच्यातल्या निम्म्या अजून नॉर्वेच्या बोलीत प्रार्थना म्हणत. वर देवाचं, खाली माझं, अशी आमची वाटणी होती. वर प्रवचन लांबलं की लोकांचं लक्ष कशाकडे असे, ते त्यांच्या नाकांनाच ठाऊक.

आमच्याकडे कॉफीत अंडं घालतात. नाक मुरडू नका! कॉफीच्या पुडीत अंडं टरफलासकट चुरडून कालवायचं, तो गोळा उकळत्या पाण्यात सोडायचा, आणि खाली उतरवताना वरून गार पाण्याचा हबका मारायचा. सगळा गाळ अंड्याला धरून तळाशी बसतो. कपात उतरते ती मधाच्या रंगाची, नितळ कॉफी. पाहुणे विचारत, "यात काय घालता हो?" बायका म्हणत, "काही नाही, साधीच आहे." आमची माणसं अशीच. कौतुक अंगावर घेणार नाहीत, आणि तक्रार तोंडावर करणार नाहीत. ताटातली शेवटची वडी कुणी उचलायची नाही म्हणून तिचे अर्धे, मग पाव तुकडे करत बसतील. एखादी गोष्ट अजिबात पसंत नसली तर म्हणतील, "हं, वेगळंच आहे." याहून मोठी शिवी आमच्याकडे नाही.

मी लग्नांत होते, बारशांत होते, आणि सगळ्यात जास्त मर्तिकांत होते. माणूस गेलं की वर प्रार्थना होई, मागच्या आवारात माती दिली जाई, आणि मग सगळे खाली येत. पावात डुकराचं मांस, ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याचं भांडं, आणि मी. रडून घसा बसलेल्या माणसाला गरम कॉफी लागते, एवढं तत्त्वज्ञान मला पुरतं.

मग हळूहळू माणसं कमी झाली. लहान शेतं मोठ्या शेतांनी गिळली. शाळा शेजारच्या गावात गेली. मुलं मिनीॲपोलिसला गेली ती नाताळापुरती उगवू लागली. तीन गावांत मिळून एकच पाळक, म्हणजे आमचा धर्मगुरू, उरला. आमचं प्रवचन आटपून तो घड्याळ बघत पुढच्या गावी पळे. पण सगळीच माणसं गाव सोडून गेली म्हणून कमी झाली असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. मार्लिसची मुलगी कारिन एकदा स्वयंपाकघरात कप पुसता पुसता म्हणाली, "आई, मी प्रार्थना करते ना, तेव्हा समोर कुणी आहे असं मला वाटतच नाही गं."

मार्लिसने पुढचा कप तिच्या हातात दिला. मग म्हणाली, "बरं. पण जेवायला येत जा."

मार्लिस म्हणजे आमच्या स्वयंपाकघराची मालकीण. कुणी नेमली नव्हती, कुणी काढू शकलं नसतं. उंच, हाडापेराची, एप्रनच्या खिशात कायम पेन्सिल. तिच्याच काळात तळघरात बटण दाबून कॉफी देणारं यंत्र आलं आणि मला कपाटाच्या डोक्यावर बसवलं. माझ्यात कुणीतरी प्लास्टिकची फुलं खोचली. मित्रांनो, तो अपमान मी विसरलेले नाही. मात्र मर्तिक असलं की मार्लिस स्टूल ओढायची, फुलं काढून टाकायची आणि म्हणायची, "यंत्राची कॉफी पाजून कुणाला पोचवायचं नसतं."

तिचा धाकटा भाऊ हार्लन चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याला वाईट माणूस म्हणाल तर माझी हरकत आहे. रिकामी बाकं बघून त्याला खरंच झोप लागत नसे. त्याचे आईबाप मागच्या आवारात पुरलेले. चर्च विकलं गेलं तर तिथे धान्याचं गोदाम होईल, ही धास्ती त्याने घेतली होती. अशा वेळी निवडणुकीला उभा राहिलेला एक माणूस त्याला भेटला. म्हणाला, "देवासाठी लढतोय. मला दार उघडा, मी बाकं भरून देतो."

हार्लनने दार उघडलं. चर्चच्या हिरवळीवर क्रुसाच्या शेजारी त्या माणसाच्या नावाची पाटी ठोकली गेली. हार्लनने सगळ्यांना विचारलं, "कशी वाटते?" सगळे म्हणाले, "हं, वेगळंच आहे." हार्लन याच मातीतला. त्याला अर्थ कळायला हवा होता. पण माणसाला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं.

आणि बाकं भरली की! दुसऱ्या गावांतून गाड्या आल्या. पाहुणे वक्ते वर उभे राहून सांगू लागले की आमच्या माणसाला मत देणार नाही तो ख्रिस्ती कसला. पाळक खाली मान घालून बसला. आणि आमची जुनी माणसं, एकही शब्द न बोलता, एकेक करून यायची थांबली. लुंडीन कुटुंब दर रविवारी मुलीकडे जाऊ लागलं. कुणाची कंबर धरली. कुणाची गाय व्यायला लागली, तीही दर रविवारी.

एकटा व्हर्नन उठला. तळघरातली भट्टी सांभाळणारा व्हर्नन लोकेन. थंडीत लोक यायच्या आत येऊन तो चर्च गरम करी. एका रविवारी प्रवचन चालू असताना त्याने चर्चमध्ये कुणी घालत नाही ती टोपी बसल्याबसल्या डोक्यावर चढवली आणि खाली आला. भट्टीच्या किल्ल्या खिळ्याला अडकवल्या.

"चाललो मार्लिस. मी इथे येशूला भेटायला यायचो. आता दारातच दुसरा कुणी हात मिळवायला उभा असतो."

मार्लिस कप विसळत राहिली. तीसुद्धा याच गावची ना!

व्हर्नन पुन्हा आला नाही. पुढच्या वर्षी मक्याची कापणी ऐन भरात असताना तो शेतातच गेला. त्याची बायको आर्डिस दुसऱ्या दिवशी तळघरात आली. दोन्ही मुलं ॲरिझोनाहून येणार होती आणि रविवारच्या विमानाने परतणार होती. म्हणून शनिवारी माती द्यायची असं तिच्या मनात होतं. मार्लिसने लगेच स्टूल ओढलं. मी खाली उतरले.

तेवढ्यात हार्लन आला.

"ताई, बरं झालं किटली काढलीस! शनिवारी तुझी अंड्याची कॉफी हवीय. आपला उमेदवार स्वतः येतोय भाषणाला. आपलं जुनं काही त्याला दाखवावं म्हणतो मी. फोटोही निघतील."

"शनिवारी व्हर्ननला पोचवायचंय."

हार्लनला आर्डिस दिसली. तो ओशाळला, पण मागे हटला नाही. "मला फार वाईट वाटलं गं आर्डिस. पण शनिवार आधीच ठरलाय. सोमवारी करू या का? तसं बघता व्हर्ननने चर्च सोडलंच होतं. वर्षभर फिरकला नाही. अंगणात त्या दुसऱ्या उमेदवाराची पाटी लावली होती. मंडळातले लोकही कुरकुर करतायत."

आर्डिसने मांडीवरची पर्स घट्ट धरली. "चालेल रे. सोमवारी चालेल. कुणाला त्रास नको."

"नाही," मार्लिस म्हणाली.

मित्रांनो, त्या तळघरात मी माझं सगळं आयुष्य काढलं. असा सरळ, बिनसाखरेचा नकार मी तिथे पहिल्यांदा ऐकला. हार्लनलाही तो ऐकून घ्यायची सवय नव्हती.

"काय नाही?"

"सोमवार नाही. आणि तुझ्या त्या माणसाला माझी कॉफी नाही."

"ताई, हळू बोल. लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणत नाहीत हेच तर दुखणं आहे! लुंडीन दर रविवारी मुलीकडे जातात ना? हार्लन, लुंडीनला मुलगीच नाहीये! तीन मुलगे आहेत. तुझ्याबरोबर बेसबॉल खेळलेत. तुला तोंडावर कुणी नाही म्हणालं नाही, म्हणून तू समजलास सगळे हो म्हणाले. मीही गप्प बसले. व्हर्नन त्या खिळ्याला किल्ल्या लावून गेला तेव्हासुद्धा मी कपच विसळत बसले."

"मग मी काय करायला हवं होतं?" हार्लनचा आवाज चढला. "बाकं रिकामी होती! बाबा आहेत मागे, आई आहे. कुणीतरी काहीतरी करायला नको? मी निदान भरून तरी दाखवली."

"भरलीस. आणि आपली माणसं बाहेर काढलीस. तळघर तुला घे. किटली मी नेते."

तिने मला उचललं. एका बाजूने आर्डिसने धरलं, कारण भार बघून मदत न करणं तिला जमत नाही. मी जिना चढले, दार ओलांडलं, त्या पाटीसमोरून गेले आणि मार्लिसच्या गाडीत बसले. चर्चबाहेर माझं ते पहिलं पाऊल. घाबरले होते, खोटं कशाला सांगू?

शनिवारी व्हर्ननच्या शेतावरच्या पत्र्याच्या शेडमधून ट्रॅक्टर बाहेर काढले. गवताच्या गठ्ठ्यांवर फळ्या टाकून बाकं केली. शवपेटी मधोमध. मला मासे तळायच्या गॅसच्या शेगडीवर चढवलं. मार्लिस सारखी रस्त्याकडे बघत होती. कुणी आलंच नाही तर आर्डिसच्या मुलांसमोर काय शोभा राहणार, ही चिंता तिच्या कपाळावर मला स्पष्ट दिसत होती. चर्चशी वाकडं घेऊन इथे यायचं म्हणजे सगळ्या गावासमोर बोलून दाखवल्यासारखंच होतं. आणि बोलून दाखवणं आमच्या माणसांना मरणाहून अवघड.

आधी लुंडीन आले, सगळेच्या सगळे. मग कंबर धरलेले आले, ताठ चालत. मग कारिन आली. मग नव्या बाकांवर बसणारेही काहीजण आले. कुणाच्या टोपीवर त्या माणसाचं नाव, कुणाच्या टोपीवर दुसऱ्याचं. आत शिरताना साऱ्यांनी टोप्या काढून हत्यारांच्या मेजावर ठेवल्या. शेवटी पाळकही चिखलाचे बूट घालून आला. ऑर्गन नव्हता, तरी गाणं चार सुरांत उठलं आणि शेडचा पत्रा थरथरला. माझी वाफही थरथरली असेल.

गावच्या दफनभूमीत माती देऊन सगळे परतले आणि मार्लिस ओतू लागली. कप संपले तेव्हा लोक जामच्या बरण्या पुढे करू लागले.

तेव्हा हार्लन दारात आला. सुटाबुटात, छातीवर त्या माणसाच्या नावाचा बिल्ला. तिकडचं भाषण उरकलं होतं, उमेदवार फोटो काढून पुढच्या गावी गेला होता. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. काहीतरी बोललं पाहिजे म्हणून हार्लन हळूच म्हणाला, "ताई, ती किटली चर्चची आहे."

"हो. म्हणून तर चर्च जिथे बसलंय तिथे आणली."

हार्लनने गवतावर बसलेली माणसं एकेक करून पाहिली. बहुतेकांबरोबर तो लहानाचा मोठा झाला होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. मग आर्डिस उठली. हातातला कप तिने फळीवर ठेवला.

"हार्लन, सोमवार मला चालला नसता. माझी मुलं सोमवारी इथे नसती. मी खोटंच चालेल म्हणाले."

हार्लनचा चेहरा असा पडला की मला दया आली. "मला तेव्हाच सांगायचंस गं."

"सांगायला हवं होतं. आता सांगते. तू माझ्या नवऱ्याला त्याच्या चर्चमधून घालवलंस."

हार्लनने बिल्ला काढला आणि खिशात घातला. "चुकलं माझं, आर्डिस," तो सगळ्यांसमोर म्हणाला. मार्लिसने त्याच्या हातात एक बरणी दिली आणि ओतलं. तो आर्डिसशेजारी बसला, पण ती त्याच्याकडे वळली नाही. तो तसाच बसून राहिला.

पुढच्या रविवारी त्याने स्वतःच्या हाताने पाटी उपटली. मित्रांनो, त्यानंतर सगळं गोड झालं असं सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. दुसऱ्या गावांहून आलेल्या गाड्या गेल्या त्या गेल्याच. आमची जुनी माणसं काही आली, काही आली नाहीत. आर्डिस येते, पण मागच्या बाकावर बसते. कारिनला अजूनही समोर कुणी आहे असं वाटत नाही. तरी महिन्यातून एकदा गाडी हाकत येते आणि कप विसळते. वसंतात मंडळ ठरवणार आहे की चर्च ठेवायचं की विकायचं. हार्लन घरोघर फिरतो आणि आता "वेगळंच आहे" म्हणून कुणाला सुटू देत नाही. "हो की नाही, तोंडाने सांग," म्हणतो.

मार्लिसने बटणाचं यंत्र देऊन टाकलं. दर रविवारी मला चढवते. कुलूप लागलं तर ती मला शेडमध्ये नेईल, शेड नसेल तर अंगणात. मीही ठरवलं आहे, बुडाला भोक पडेपर्यंत उकळायचं.

म्हणून या म्हातारीचं एवढं ऐका. मला तारेच्या घासणीने घासू नका, तामचिनी जाते. आणि तुमच्या गावात देवाच्या दारात उभं राहून कुणी मत मागू लागला, तर पहिल्याच दिवशी मोठ्याने नाही म्हणा. मनातल्या मनात म्हणू नका. आमच्याकडे सगळ्यांनी ते मनातच म्हटलं, आणि मोठ्याने म्हटलं तेव्हा ते ऐकायला व्हर्नन उरला नव्हता.