चांगल्या पायाचा बूट

सभागृह खच्चून भरलं होतं. भिंतींवर काठ्या, कुबड्या आणि वॉकर टांगलेले होते, दुकानात माल टांगतात तसे. प्रत्येकाखाली एक पाटी: 'आता गरज नाही.' व्यासपीठावर पांढऱ्या झग्यातले पाऊलबाबा चाकाच्या खुर्चीसमोर मांडी घालून बसले होते, आणि खुर्चीत बसलेली म्हातारी बाई म्हणजे मास्तरांची ताई होती.

मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा होता. आज मात्र ते पहिल्या रांगेत तोंड मिटून बसले होते. ताईनं तशी शपथच घातली होती.

"बघा, नीट बघा!" बाबांनी ताईच्या दोन्ही टाचा तळहातांवर धरून पाय उचलले. "हा ऑपरेशनचा पाय. आखूड आहे की नाही?"

"आहे!" सभागृह म्हणालं.

आणि तो होता. ताईचा खुब्याचा सांधा बदलला होता त्या बाजूचा बूट दुसऱ्या बुटापेक्षा बोटभर मागे दिसत होता. मास्तरांनी मान पुढे काढून पाहिलं. खरंच मागे होता.

"डॉक्टरांनी आत धातू घातला. हाडाला विचारलं का? नाही! मग हाड रुसलं. रुसलेलं हाड आखडतं. आता मी त्याची समजूत काढतो." बाबांनी डोळे मिटले. "ये गं, हाडा, ये! रुसवा सोड! ये, ये, ये..."

हाड पुल्लिंगी नाही आणि स्त्रीलिंगीही नाही, मग 'ये गं' कसं, हे मास्तरांना खटकलं, पण तेवढ्यात दोन्ही बुटांचे तळ हळूहळू एका रेषेत आले. लोक उभे राहिले. फोन वर गेले.

"ऊठ माते! ती खुर्ची सोड!"

ताई उठली आणि वॉकर धरून व्यासपीठभर चालली. मागे एका बाईला हुंदका आवरेना. "चालली हो! खुर्चीतली बाई चालली!"

मास्तरांना शपथ आठवली म्हणून ते गप्प राहिले. ताई टॅक्सीतून उतरून याच वॉकरनं दारापर्यंत चालत आली होती. दारात पांढऱ्या कपड्यातल्या एका सेवकानं "दमलात हो आजी, बसा" म्हणून तिला चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. बसवली कोणी आणि उठवली कोणी! स्वतःच दार लावायचं आणि स्वतःच उघडून टाळ्या घ्यायच्या, असला हा प्रकार.

"आता आठवडाभर त्या व्यायामवाल्यांना पायाला हात लावू देऊ नकोस," बाबा म्हणाले. "ओढाताण केलीस तर हाड पुन्हा रुसेल. पुढच्या रविवारी इथेच वॉकर टाकायचा, वाकायचं आणि दोन्ही हात जमिनीला टेकवायचे. मग तू मोकळी."

*

घरी आल्यावर मास्तर ताईच्या पायाशी बसले. ताईला वाकायची मनाई होती, म्हणून बूट घालणं-काढणं हे काम त्यांचं. आधी बायकोच्या दुखण्यात तिचे बूट बांधत होते. ती गेली, आणि पुढे ताई ऑपरेशनसाठी त्यांच्याकडे राहायला आली. गाठ तीच, दुहेरी, मैदानावर मुलांना शिकवलेली. सहजी सुटत नाही.

ऑपरेशनच्या पायाची गाठ जशीच्या तशी होती. चांगल्या पायाची नाडी मात्र कोणीतरी सोडून सैल फुली मारून ठेवली होती.

"ही कोणी सोडली?"

"त्या सेवकानं. म्हणाला, ऊर्जा अडकते."

"चांगल्या पायात?"

"मला काय विचारतोस? मी काय बाबा आहे?"

"तू बाबा असतीस तर बरं झालं असतं. निदान नाडी नीट बांधली असतीस."

"तू ना, कुठेच श्रद्धा ठेवू नकोस," ताई म्हणाली. "माझा पाय सगळ्यांसमोर वाढला. तुझ्याही डोळ्यांदेखत वाढला."

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आली. उंच, कडक बोलणारी मुलगी. ताईनं पाय पांघरुणात घेतला आणि आज नको म्हणाली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नको म्हणाली. तिसऱ्या दिवशी मुलगी खुर्ची ओढून समोर बसली.

"मावशी, पाय आखूड वाटतो ना? खूप जणांना वाटतो. इतकी वर्षं दुखतं म्हणून तुम्ही कंबर एका बाजूला टाकून चालत होतात. स्नायू एकीकडे आखडले, दुसरीकडे ढिले पडले. व्यायामानं ते जागेवर येतात आणि तो भास जातो. पण पडून राहिलात तर स्नायू आणखी कमजोर होतील, आणि रक्ताची गाठ व्हायची भीती वेगळीच. निदान घोटे तरी हलवा."

"रविवारी मी जमिनीला हात लावणार आहे," ताई म्हणाली.

मुलीचा चेहरा बदलला. "कोण म्हणालं?"

मास्तरांनी सांगितलं.

"मावशी, नवा सांधा अजून नीट बसतोय. आत्ता एवढं वाकलात तर खुबा निखळेल. मग ॲम्ब्युलन्स, पुन्हा भूल, कदाचित पुन्हा ऑपरेशन. काका, यांना तिथे नेऊ नका."

"मी न्यायची वाट बघत नाही ती," मास्तर म्हणाले. "टॅक्सीचा नंबर तिच्याच फोनमध्ये आहे."

मुलगी गेल्यावर मास्तर बराच वेळ खोलीत येरझाऱ्या घालत होते. मग त्यांना सभागृहाच्या दारावरची पाटी आठवली. 'कृपया पादत्राणे घालूनच आत यावे.' असल्या ठिकाणी लोक चपला बाहेर काढायला लावतात. हा बुवा घालायला का लावतो?

ते पलंगावर बसले, स्वतःचे बूट चढवले, एकाची नाडी सैल केली आणि टाच धरून बूट किंचित पुढे ओढला. एक पाय लांब झाला. म्हणजे दुसरा आखूड दिसू लागला. टाच ढकलली. दोन्ही सारखे.

"ताई! इकडे बघ!"

ताईनं बघितलं. दोनदा बघितलं. मग तोंड फिरवलं. "तू केलंस म्हणून बाबांनीही तेच केलं कशावरून? तू लहानपणापासून खोडसाळ आहेस."

"अगं, पण वाकू नकोस एवढं तरी ऐक!"

"तू तुझ्या बायकोचं सगळं केलंस," ताई भिंतीकडे बघत म्हणाली. "ती गेली आणि आता माझे बूट बांधत बसतोस. मला तुझ्यावर ओझं व्हायचं नाही. एका रविवारात सुटका होत असेल तर तुला का नको आहे?"

मास्तर स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभे राहिले.

*

रविवारी दोघंही गेले. दारात सेवक खुर्ची घेऊन उभाच होता. या वेळी मास्तर लंगडत पुढे झाले.

"आधी मला बसव. माझाही पाय दुखतो."

सेवकानं निरखून पाहिलं आणि एकदम ताठ झाला. "मास्तर? ओळखलं का? मी चष्मिष!"

"ओळखलं. उंच उडीत दोरीखालून जायचास तोच ना? ढकल."

चाकाच्या खुर्च्यांच्या रांगेत मास्तर पुढे, ताई मागे. चष्मिष खाली वाकला. "नाडी जरा सैल करतो, मास्तर. ऊर्जा..."

"हात मागे!" मास्तर म्हणाले, आणि पन्नाशीच्या चष्मिषचे हात आपोआप पाठीमागे गेले.

व्यासपीठावर बाबांनी विचारलं, "कुठला पाय, बाळा?"

"डावा," वयानं बाबांपेक्षा बरेच मोठे असलेले बाळ म्हणाले.

"डावा आखूड आहे! बघा सगळे डाव्याकडे!"

सगळे डाव्याकडे बघू लागले. बाबांची बोटं उजव्या टाचेमागे गेली आणि बूट ओढू लागली. बूट आला नाही. मास्तरांनी सकाळी नाडी घोट्याभोवती फिरवून गाठीवर गाठ मारली होती. बाबांनी जोर केला. बूट तरीही आला नाही. बाबांनी दात आवळून हिसका मारला, आणि बुटाऐवजी अख्खे मास्तर खुर्चीतून घसरून व्यासपीठावर बसले.

सभागृहात कोणीतरी फसकन हसलं.

"हाड फारच हट्टी आहे," बाबा घाम पुसत म्हणाले. "श्रद्धा नाही ना!"

"हाड नव्हे, नाडी हट्टी आहे." मास्तर उठले आणि बूट-मोजे काढून पुन्हा खुर्चीत बसले. "हे घ्या, अनवाणी पाय. आता करा आखूड आणि वाढवा बघू."

"बूट घाला आधी! अनवाणी पायातून शक्ती जमिनीत जाते!"

"मी खुर्चीत आहे, पाय तुमच्या हातात आहेत. जमीन आली कुठून?"

आता हशा मागच्या रांगांपर्यंत गेला. मास्तरांनी खुर्चीतून उठून चष्मिषला बोलावलं. तो "मास्तर, माझी नोकरी..." म्हणत आला आणि सवयीनं खुर्चीत बसला. मास्तरांनी त्याच्या एका बुटाची नाडी सोडली. "हा बूट मी ओढतो. दुसरा पाय आखूड दिसतो की नाही? आता तुम्ही सगळे आखूड पायाकडे बघत राहणार, आणि मी इकडे चांगल्या पायाचा बूट हळूच आत ढकलणार. झालं! हाडाचा रुसवा गेला. चष्मिष, दुसऱ्या पायाला रुसायचंय का?"

"नको मास्तर."

मग मास्तरांनी मैदानातला आवाज काढला. "चाकाच्या खुर्चीत बसलेल्यांपैकी जे दारापर्यंत स्वतःच्या पायांनी आले, त्यांनी हात वर!"

आधी एक हात वर गेला. मग शेजारचा. मग सगळी रांग हात वर करून एकमेकांकडे बघू लागली. "म्हणजे हो, तुम्हीही?" "मी तर बसनं आलो!" मागच्या रविवारी हुंदके देणारी बाई आता हुंदक्याइतक्याच जोरात विचारत होती, "खुर्च्या कोणाच्या आहेत ते सांगा आधी!"

बाबांना समाधी लागली. लागली ती थेट मागच्या दारातून मोटारीपर्यंत.

त्या गोंधळात मास्तरांनी ताईकडे पाहिलं. ती उभी होती. वॉकर तिच्या हातात नव्हता. दुसऱ्या सेवकानं तो आधीच भिंतीकडे नेला होता, पाटीसकट.

"ताई, वाकू नकोस!"

"वाकत कोण आहे?" ताई ओरडली. "खुर्ची धरून उभी आहे मी. माझा वॉकर आणून द्या! आणि ती पाटी त्या बाबाच्या गळ्यात बांधा!"

*

घरी मास्तर बूट काढायला खाली बसले तेव्हा ताई म्हणाली, "मला लाज वाटते रे, तू माझे बूट बांधतोस त्याची."

मास्तर नाडी सोडू लागले. "ती गेल्यावर सकाळी उठून काय करायचं तेच मला कळत नव्हतं. तुझे बूट बांधायचे असतात म्हणून उठतो. तुझा पाय बरा झाला की बघू दुसरं काहीतरी."

ताईनं त्यांच्या डोक्यावर टपली मारली. "मग काढतोस कशाला? कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. त्या मुलीला फोन कर, उद्यापासून ये म्हणावं. रागवायचं असेल तर रागव म्हणावं."

मास्तरांनी गाठ पुन्हा आवळली. दोघं निघाले. वॉकर पुढे, दुखरा पाय मग, चांगला पाय त्यानंतर. ताई मधेच थांबली, दम खाल्ला, शिवी दिली आणि पुन्हा निघाली.

सांधा बदललेला पाय असाच सुधारतो. कंटाळवाण्या व्यायामानं, शिकवल्याप्रमाणे चालून, मनाई आहे तिथे न वाकून. त्यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही, म्हणून तर बाबा लोक तिकडे फिरकत नाहीत. कोणी तुमच्या दुखऱ्या पायाकडे बोट दाखवून "बघा, बघा" ओरडू लागला, तर तुम्ही चांगल्या पायाकडे बघा, आणि त्याला सांगा, आधी बूट काढ.