वैद्यबुवांनी बरी केलेली हार्डडिस्क

त्या रविवारी आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत सोफ्यावर, खिडकीच्या कठड्यावर, जमिनीवर, जिथे जागा मिळेल तिथे शेजारीपाजारी बसले होते आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकेक आजारी लॅपटॉप होता. वरच्या मजल्यावरच्या पेन्शनर काकांनी तर प्रिंटरसुद्धा उचलून आणला होता. सगळ्यांचे डोळे आतल्या खोलीच्या बंद दाराकडे लागले होते. दारामागे स्वतःला डिस्कवैद्य म्हणवणारे एक बुवा आमच्या कॉम्प्युटरवर उपचार करत होते.

अखेर दार उघडलं. वैद्यबुवा कपाळावरचा घाम पुसत बाहेर आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "शांत झालीये ती. या आता. पण पाय न वाजवता."

आम्ही सगळे चवड्यांवर आत गेलो. बुवांनी बटण दाबलं. सुरू होईपर्यंत आपला चहा करून, पिऊन, कप विसळून व्हावा, असा आमचा कॉम्प्युटर. तो पटकन जागा झाला! रोज सुरुवातीला काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची: 'डिस्क बंद पडण्याच्या मार्गावर आहे, ताबडतोब प्रत काढा.' तीही आली नाहीत.

"गेलं! दुखणं गेलं!" पेन्शनर काका ओरडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात सगळ्यात जोरात टाळ्या माझ्या होत्या.

आता माझी ओळख करून देतो, म्हणजे तुमची पुरेशी करमणूक होईल. मी विवेक मंडळाचा कार्यवाह. मी गावोगाव हिंडून हवेतून राख काढून दाखवतो, जिभेवर जळता कापूर ठेवतो आणि मग घसा खाकरून सांगतो, "मंडळी, चमत्कार वगैरे काही नसतं. असते ती हातचलाखी आणि आपला भाबडेपणा." भाबडेपणा म्हणताना मी बोट नेहमी प्रेक्षकांकडे दाखवतो.

तर अशा माझ्या घरात कॉम्प्युटर सुरू करण्याचा एक विधीच तयार झाला होता. एकदा पंखा लावल्यावर तो चटकन सुरू झाला, म्हणून आधी पंखा. एकदा डाव्या बाजूला थापट मारल्यावर झाला, म्हणून डावीकडे थापट. एकदा मी हिरवा शर्ट घातला होता. पुढचं सांगत नाही. रोज ती पांढरी अक्षरं यायची आणि मी कुठलंही बटण दाबून त्यांना हाकलायचो.

वैद्यबुवांनी आल्या आल्या कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवला होता, डोळे मिटले होते आणि म्हटलं होतं, "हिला या घरात कुणीतरी फार टाकून बोललंय."

माझ्या अंगावर काटा आला. मी तिला रोज शिव्या घालत होतो. यांना कसं कळलं? मंद कॉम्प्युटरला शिव्या न घालणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मग 'हिला आता मौन हवं' म्हणून त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं.

जाताना बुवांनी डब्यावर एक चंदेरी चकती चिकटवली आणि बजावलं, "हा लहरीशोषक. काढायचा नाही. डबा उघडायचा नाही. आणि मुख्य म्हणजे प्रत काढायची नाही. प्रत काढणं म्हणजे अविश्वास. अविश्वासाने डिस्क आतून खचते. पुढच्या रविवारी मी येतोच, मंडळींचे बाकीचे रुग्ण तेव्हा बघू."

बायकोला हे पटलं नाही. ती अंध विद्यार्थ्यांसाठी क्रमिक पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करते. सध्या इतिहासाचं पुस्तक चालू होतं, एका मुलीच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेसाठी. परीक्षा तोंडावर आली होती. वाचून बरंच झालं होतं. त्यातलं एकेक प्रकरण कापूनकुपून ती मुलीला पाठवायची. उरलेलं सगळं त्याच डिस्कवर होतं आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं.

"अहो, एक प्रत काढली तर बिघडलं कुठे?"

"आता बरी झालीये ना? कशाला दुखावतेस तिला?"

"तिला?" बायको म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी विषय बदलला.

दोन-तीन दिवसांनी त्या मुलीचा फोन आला. बायकोने स्पीकर लावला.

"काकू, प्रकरण मस्त झालंय. पण तुमच्यामागे कुणी टेबलावर टिचक्या मारतं का? टक, टक, मग थोडं थांबून परत टक. आधीच्या प्रकरणात अधूनमधून होतं. यात तर सारखं चाललंय."

आम्ही हेडफोन लावून ऐकलं. खरंच होतं. बायकोच्या आवाजामागे, स्वच्छ, टक, टक, टक. आणि हे प्रकरण बुवांच्या उपचारानंतरचं होतं.

"पंखा असेल," मी म्हणालो.

"पंखा बंद होता."

"मग बरी होताना येत असेल तसा आवाज. दुखणं बाहेर पडताना त्रास होतोच थोडा."

बायको शांतपणे म्हणाली, "हे वाक्य तुमच्या व्याख्यानात आहे. बाबाच्या औषधाने आणखी आजारी पडलेली माणसं ते म्हणतात. लोक खूप हसतात त्याला."

मी हसलो नाही.

"त्यांनी आपल्याला बाहेर काढून केलं काय, ते आता बघू या," ती म्हणाली. तिने कॉम्प्युटर बंद केला, परत सुरू केला आणि सुरू होता होताच बटण दाबून आतल्या सेटिंगच्या पानावर गेली. हिला वाचनाची सवय अशी की पान समोर आलं की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं मोठ्याने वाचणार. पानाचा आकडा, चित्राखालचा मजकूर, काही सुटत नाही. तशीच ती वाचत गेली. तारीख. वेळ. पंख्याचा वेग. आणि मग, "सुरुवातीला डिस्कची तब्येत तपासणे: बंद."

तिने ते 'चालू' केलं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू होताच पांढरी अक्षरं हजर झाली.

चमत्काराचं बिंग असं फुटलं. बुवांनी डिस्कला हातही लावला नव्हता. डिस्क ओरडून सांगत होती, मी मरतेय. त्यांनी तिचं तोंड दाबलं. जोडीला, कॉम्प्युटर उघडताच आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्राम बंद केले आणि 'मौना'च्या नावाखाली तापलेला डबा थंड होऊ दिला. म्हणून तेवढ्यापुरती चपळाई. ती टकटक मात्र आतल्या झिजलेल्या भागाची होती. तो पुन्हा पुन्हा वाचायला जायचा आणि जमलं नाही की परत फिरायचा. तिला ना चकतीचा उपयोग होता ना माझ्या टाळ्यांचा.

मी धावत जाऊन काकांकडून बाहेरून जोडायची डिस्क आणली. प्रती निघू लागल्या. एकेक प्रकरण पलीकडे जाताना मी श्वास रोखून बसलो होतो. शेवटची दोन प्रकरणं राहिली आणि टकटक एकदम वाढली. मग थांबली. नंतर त्या डब्यातून पंख्याखेरीज कसलाच आवाज आला नाही. रविवारीच प्रत काढली असती तर ती दोन्ही वाचली असती, हे दोघांनाही कळत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी पुन्हा चपलांचा ढीग. वैद्यबुवा आले. बायकोने काकांचा लॅपटॉप टेबलावर मधोमध ठेवला. त्यावरही तशीच पांढरी अक्षरं येत होती. "आज इथेच करा, सगळ्यांसमोर," ती म्हणाली.

"शक्य नाही. संशयी नजरांनी लहरी अडतात."

"पण वायफायच्या लहरी तर सगळ्यांसमोर येतात की!" काका निरागसपणे म्हणाले.

बुवा गडबडले. बायकोने लॅपटॉपवर तळहात ठेवला, डोळे मिटले, "हिला फार टाकून बोललंय कुणीतरी," म्हणाली आणि मग डोळे उघडून, काय करतेय ते मोठ्याने वाचत, तीच तपासणी बंद केली. लॅपटॉप पुन्हा सुरू केला. अक्षरं गायब.

"बरा झाला!" काका ओरडले.

"नाही झाला, काका. ओरडायचा बंद झाला. आधी फोटोंची प्रत काढा, मग नवीन डिस्क बसवा. आणि हे चालू करा परत."

सगळ्यांच्या माना बुवांकडे वळल्या. बुवांना नेमका तेव्हाच कुणाचा तरी फोन आला. तो घ्यायला ते जिन्यात गेले आणि तिथूनच खाली उतरले. शेजारी मग माझ्याकडे बघू लागले. विवेक मंडळाचा कार्यवाह त्या वेळी नखाने चंदेरी चकती खरवडत होता.

डिस्कबरोबर गेलेली दोन प्रकरणं परत रेकॉर्ड करायला बायकोला सवड नव्हती. दुसऱ्या मुलांची पुस्तकं रांगेत होती. "ज्याने प्रत काढू दिली नाही, त्याने जाऊन वाचावं," तिने निकाल दिला. म्हणून मी पुस्तक घेऊन त्या मुलीच्या वसतिगृहात गेलो. भेटीच्या खोलीत समोरासमोर बसून वाचू लागलो. ती बोटं गुंफून ऐकत होती. परीक्षा दुसऱ्याच दिवशी होती. मध्येच तिने थांबवलं.

"काका, त्या वैद्यांना तुम्ही विचारलं का, नेमकं काय केलंत म्हणून?"

"नाही."

"का?"

"बरं वाटत होतं ना, म्हणून."

ती म्हणाली, "परीक्षेत असं उत्तर लिहिलं तर भोपळा मिळतो, काका."

सांगायचं ते एवढंच. कुणी काही बरं करून दाखवलं, तर टाळी वाजवण्याआधी विचारा, नेमकं काय केलंत? आमच्या समोर परत करून दाखवाल? विचारल्याने बिघडणारी गोष्ट आधीच बिघडलेली असते. हे मी आजवर शेकडो लोकांना सांगितलं. मला ते त्या मुलीने सांगितलं, आणि वर ती म्हणाली, "वाचा पुढे. अजून बरंच राहिलंय."