पाटावरची कुऱ्हाड

लातूर नवा जिल्हा झाला त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि पोलिसांनी आमची कुऱ्हाड जप्त केली.

साधीसुधी कुऱ्हाड नव्हे ती. निजामाच्या राज्यात लेव्हीच्या, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीच्या, जमादारानं गावाच्या धान्याला कुलूप ठोकलं, तेव्हा माझ्या नवऱ्यानं, संगप्पांनी, तिनंच त्या जमादाराला तोडलं. दर मुक्तिदिनाला ती शाळेत पाटावर ठेवतात, विभूती लावतात, यांच्या गळ्यात हार घालतात. जमादाराची बायको रडत गाडीत बसली होती, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. तिची आठवण भाषणात कुणी काढत नाही.

मुक्तिदिनाच्या आधी कुऱ्हाड धार लावायला बौद्धवाड्यातल्या भीमाकडे जाते. यंदाही मीच नेऊन दिली. त्याच दुपारी सरपंच शिवलिंगनं सरकारी विहिरीला कुलूप घातलं आणि घागर घेऊन आलेल्या भीमाच्या आईला, नागुबाईला, लाथ मारली. भीमा हातात होतं ते घेऊन धावला. सरपंचाचा खांदा फाटला, जीव तेवढा वाचला.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचे नवे साहेब मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला येणार होते, खास कुऱ्हाड बघायला. म्हणून मुक्तिदिनाचा कार्यक्रम बघणारा गावचा मलप्पा आम्हाला घेऊन औशाच्या ठाण्यात आला.

"आप्पा, घरातून चोरली म्हना. मंजी तुमचा माल म्हून फौजदारसायब उद्यापुरती सोडतेत."

चोरली म्हटलं की भीमा ठरवून मारायला गेला, असं होणार. मला कळत होतं ते यांना कळत नव्हतं का? पण चौतीस वर्षं हार घालून घेतलेल्या माणसाचा भरवसा काय! दारात नागुबाई बसली होती. तिच्याकडे बघायची मला लाज वाटली.

"आप्पा, चोरीला गेली का?" फौजदारांनी विचारलं.

हे खोटं बोलले तर मी तोंड उघडणार होते, मग घरी काय व्हायचं ते होवो.

"न्हाई," हे म्हणाले. "आमच्या घरूनच धारंला दिली हुती."

मलप्पा तडकला. "आप्पा, त्यानं सरपंचाला मारलं!"

"आन म्या कुनाला मारलं हुतं? त्यानं धान्याला कुलूप घातलं, ह्यानं पान्याला."

"तुमचं येगळं हुतं. ते राज जुलमी हुतं."

"भारताची फौज आठ दिस उशिरा आली असती, तर मला फाशी झाली असती मलप्पा. मग हार कुनाला घातला असता?"

मलप्पा बाहेर गेला. फौजदारांनी जबाब लिहून घेतला.

कुऱ्हाड ठाण्यातच राहिली. पण गावाचं काही अडलं नाही. मलप्पानं औशाच्या बाजारातून नवी आणली, विभूती लावून पाटावर ठेवली. साहेबांनी तिला हात जोडले, आणि यांचा हार यांच्या रिकाम्या खुर्चीला घातला, असं नंतर कळलं.

आम्ही तेव्हा भीमाच्या जामिनासाठी लातूरच्या एसटीत होतो. नागुबाई माझ्या शेजारी रडत बसली होती.