त्याने आवळलेला नट

भावाभावांत घर वाटलं की मध्ये भिंत येते. विहीर वाटली की पाण्याच्या पाळ्या लागतात. या दोघींच्या घराला चाकं होती आणि भिंत घालायला हातभर जागा नव्हती. म्हणून नणंद-भावजयीने इंटरनेट वाटून घेतलं.

दुपारच्या जेवणापर्यंत भावजयीचं, जेवणानंतर नणंदेचं. सिम एकच, राउटर एकच. पॅक सगळ्यात स्वस्तातला. एका वेळी एकीचंच काम धड चालेल एवढाच त्याचा जीव. दोघींनी एकदम हात घातला की दोघींच्याही पडद्यावर ते चाक गरगरत बसे, आणि मग दोघींची तोंडं सुटत.

गाडी भावजयीच्या नवऱ्याची, म्हणजे नणंदेच्या धाकट्या भावाची. जुनी मालवाहू गाडी घेऊन त्याने आपल्या हातांनी तिच्यात घर बसवलं होतं. मागे दोन अरुंद पलंग, मध्ये शेगडी आणि मोरी, पुढे नणंदेचं स्टिअरिंग. सगळ्यात शेवटी टपावर चढून त्याने पाटीएवढी चपटी अँटेना बसवली, तिचं तोंड गाडीच्या तोंडाकडे केलं, नट आवळला, खाली उतरून हात पुसले. पुन्हा टपावर चढण्याइतका तो बरा राहिला नाही. त्याच्या मागे कागदावर गाडी दोघींच्या नावाने राहिली, आणि टपावर तो नट.

"त्याला हात लावायचा नाही," नणंदेने बजावलं होतं. "माझ्या भावाने आवळलाय."

"तुमचा भाऊ माझाही कुणीतरी होता, वन्सं."

"मग तूही लावू नकोस."

तेव्हापासून अँटेना फिरत नसे. अख्खं घर फिरवावं लागे. नव्या गावी मुक्काम टाकला की आधी टॉवर शोधायचा, आणि मग गाडीचं तोंड कुठे करायचं यावर भांडायचं.

या गावचा गाड्यांचा तळ सिमेंटच्या कारखान्यामागे होता. पायाखाली खडी, कडेला नळ, कोपऱ्यात कपडे वाळत घालायच्या तारा. टॉवर कारखान्याच्या छपरावर उभा. नणंदेने एका दमात गाडी आत घातली, आणि लावली ती कारखान्याकडे पाठ करून.

"वन्सं, टॉवर मागे आहे."

"दिसतोय. या डोळ्यांवर मी जन्मभर शहरात बस चालवली."

"मग तोंड तिकडे करा ना."

"तिकडे केलं की दुपारचं ऊन फ्रिजच्या अंगावर. दूध नासलं तर काय, तुझं इंटरनेट चहात घालू?"

"परवा माझी परीक्षा आहे."

"परवाचं परवा बघू," म्हणत नणंदेने किल्ली काढून खिशात टाकली.

भावजय मोरीशी गेली. राग आला की ती भांडी घासे, आणि भांडी घासताना तिच्या तोंडून ओवी निघे, भांड्यावरून पाणी ओघळावं तशी.

*सख्खी गं नणंद, जशी बाभळीची फांदी*
*सावलीला बसू गेले, काटा रुतला गं आधी*

पुढच्या सीटवरून नणंदेने मान न वळवता फेड केली.

*भावजय गं बाई, जशी बोरीची ती काटी*
*कुंपणाला लावली मी, भावाच्या गं घरासाठी*

"चालीत नाही बसत," भावजय म्हणाली.

"तूही कुठे बसतेस?" नणंद म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एक पांढरी, रुंद गाडी आली आणि अगदी नाकासमोर आडवी लागली. तिच्या मालक-मालकिणीने छत ताणलं, खुर्च्या मांडल्या, त्या पुन्हा आत ठेवल्या, सायकली काढल्या आणि दोघं डोंगराकडे फिरायला निघून गेली. परतणार परवा, आणि परीक्षा उद्या. मागे कारखान्याची भिंत. आता गाडी हलवायची म्हटली तरी हलणार नव्हती.

"घ्या," भावजय म्हणाली. "झालं समाधान?"

नणंदेने पुढची काच पुसायला घेतली. चूक झाली की ती बोलत नसे; बस चालवणाऱ्यांनी खिडकीतून माफी मागायची नसते, असं तिचं म्हणणं होतं.

भावजय खुणांची दुभाषी होती. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या हातांचं बोलणं तोंडाने सांगायचं, आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडचं हातांनी. लॅपटॉपसमोर बसायचं, अंगात एकरंगी काळा सदरा, पाठीमागे करडी चादर ताणलेली, म्हणजे बोटं उठून दिसतात. आतापर्यंत तिला तुकड्यातुकड्याने काम मिळे. परीक्षा होती ती दवाखान्यांच्या कायमच्या जागेची. पगार बांधलेला, आणि वर शहरात एक खोली. खोलीला दार, दाराला आतून कडी. त्या कडीचा आवाज भावजयीला आताशा झोपेतही ऐकू येई.

नणंदेलाही ते ठाऊक होतं. भावजय खोलीत गेली की गाडी विकावी लागणार. अर्धी गाडी कुणी चालवत नाही.

परीक्षा सकाळची होती, भावजयीच्या वाट्याची. पण त्या संध्याकाळी निरोप आला: परीक्षक बाईंना सकाळी जमत नाही, दुपारी जेवणानंतर घेऊ.

भावजयीने निरोप वाचला, फोन पालथा ठेवला, आणि सरळ गावात गेली. सिमच्या दुकानातली बाई चांगली होती, पण तिच्याकडे चांगुलपणाचा पॅक नव्हता.

"वेगळं सिम घ्या ताई. मोठा पॅक आहे ना, कितीही वापरा."

किंमत ऐकून भावजय म्हणाली, "एवढ्याच्या डिझेलमध्ये आमची गाडी दुसऱ्या राज्यात जाईल."

"मग गाडी घेऊन तिकडेच जा," दुकानातली बाई हसून म्हणाली. "तिकडे स्वस्त आहे म्हणतात."

तळाच्या मॅनेजरने सांगितलं, वायफाय आहे, फक्त चालत नाही. गावच्या वाचनालयात फुकट होतं आणि वाऱ्यासारखं पळत होतं. पण भिंतीवर पाटी, 'बोलू नये'. भावजयीने तिथल्या बाईंना विचारलं, हातांनी बोललं तर? बाई म्हणाल्या, त्याला हरकत नाही. पण निम्मी परीक्षा तोंडाने द्यायची होती.

राहिली नणंद.

परीक्षेच्या दिवशी दुपारची जेवणं झाली. नणंदेने ताट विसळलं, सीटवर पाय वर घेतले आणि फोन उघडला. तिच्या वाट्यात ती रोज एकच बघे: शहरातल्या एका चौकावर लावलेला कॅमेरा. त्या चौकातून तिची बस जायची. आता दुसऱ्यांच्या बस जातात, आणि नणंद इथे बसून त्यांना शिव्या घालते.

"अरे इंडिकेटर दे, इंडिकेटर! सासरी ठेवून आलास का?"

"वन्सं," भावजय म्हणाली. तिने काळा सदरा घातला होता, चादर ताणली होती. "आजची दुपार मला हवी."

"वाटणी तूच केलीस. मी नव्हती केली."

"केली. चुकलं. आज द्या."

"कशाला? तू खोलीत जाऊन बसशील, आणि माझं घर बाजारात उभं राहील, म्हणून? माझ्याच हातून माझ्या मानेवर सुरी?"

"मग त्या चौकापायी माझा जन्म इथे मोरीशेजारी काढू? काय बघता हो त्यात? नुसत्या बस!"

"तिथे तुझा नवरा उभा राहायचा," नणंद म्हणाली.

भावजय फोनकडे वाकली.

"शाळेत होता तेव्हा. माझी बस सिग्नलला थांबली की खिडकीतून डबा द्यायचा. आई स्वयंपाक करायची, हा पळत यायचा. सिग्नल सुटायच्या आत." नणंदेने फोनवर बोट ठेवलं. "तो कोपरा इथे दिसतही नाही. खांब आडवा येतो. तरी बघते. झालं समाधान?"

"मला कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलंस? तू फक्त टॉवर कुठे आहे ते विचारतेस."

लॅपटॉप किणकिणला. भावजय जागेवर बसली. नणंद उठली, फोन खिशात कोंबला आणि दार असं आपटून बाहेर गेली की शेगडीवरचं झाकण खाली आलं. हो म्हणाली नाही, की नाही म्हणाली नाही.

पडद्यावर परीक्षक बाई आल्या. त्यांना स्वतःला ऐकू येत नव्हतं. पांढरे केस, काळी बाही, आणि हात असे की हवेला अक्षरं फुटावीत. त्यांनी सांगितलं: आधी एक डॉक्टर बोलेल, त्याचं हातांनी मला सांगायचं.

डॉक्टरचा आवाज आला. "या गोळ्या सकाळी एक, आणि रात्री—"

चित्र गोठलं. बाईंचा हात अर्ध्यावर, डोळे अर्धे मिटलेले. चाक गरगरू लागलं. सुटलं तेव्हा डॉक्टर म्हणत होता, "—नाहीतर झटका येऊ शकतो."

रात्री किती? एक, दोन, की अजिबात नाही? भावजयीने हात वर केला आणि खुणेने खरं तेच सांगितलं: मधलं पोचलं नाही, पुन्हा सांगा. बाईंनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. भावजयीला ती मान आवडली नाही.

तेवढ्यात मागच्या शिडीवर पाय वाजले. मग टपावर. मग ठाण् करून घाव.

"हल ना मेल्या!" वरून नणंदेचा आवाज. "तुझ्या आयला... माझ्याच आयला!"

ठाण्. ठाण्. राउटरवर धूळ पडली. अँटेनाच्या वायरीच्या भोकातून नटावर ओतलेल्या तेलाचा थेंब आला आणि करड्या चादरीवर पसरला. गाडी डुलायला लागली, तसा पडद्यावर भावजयीचा चेहराही डुलू लागला. पुन्हा एक अर्धवट, तुटकं चित्र आलं; बाईंचे हात विचारत होते: तुमचं घर हलतंय का?

भावजयीने हातांनी सांगितलं: वर माझ्या नवऱ्याची बहीण आहे. तेवढ्याने भागलं नाही असं वाटून तिने गाल फुगवले, भुवया चढवल्या आणि हातोडा मारून दाखवला.

परीक्षक बाई पहिल्यांदा हसल्या.

वर लोखंड किंचाळलं, लांबलचक, जुन्या बिजागरीसारखं. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की भावजयीची नजर छताकडे गेली. नट सुटला होता. तिला आत बसून कळलं. नवऱ्याच्या त्या पंज्याची, त्या मनगटाची शेवटची मेहनत मोकळी झाली होती, आणि ती मोकळी करणारी तोंडातून चकार शब्द काढत नव्हती.

मग अँटेना पत्र्यावर घासत फिरली. राउटरवरचे दिवे एकेक करून वर चढले. पडदा धुतल्यासारखा स्वच्छ झाला. बाईंच्या बोटांवरच्या सुरकुत्या दिसू लागल्या.

डॉक्टर पहिल्यापासून बोलला. सकाळी एक, रात्री अर्धी, उपाशीपोटी नाही. भावजयीचे हात चालू लागले. ती काय बोलते ते तिचं तिला कळत नव्हतं, जसं ओवी म्हणताना कळत नाही. पुढचा शब्द मागच्याचा पदर धरून येत होता. मग बाई आजारी माणूस झाल्या आणि हातांनी कळ सांगू लागल्या, आणि भावजयीच्या तोंडून ती कळ बाहेर पडली, खणखणीत. छताचा पत्रा एकदाही वाजला नाही. वर कुणीतरी भर उन्हात, तापल्या पत्र्यावर, अँटेना दोन्ही हातांनी धरून बसलं होतं. कारण सैल नटावर ती वाऱ्याने वळली असती.

शेवटी बाईंनी हात पुसले आणि विचारलं: जागा तुमची. काम कुठूनही करता येतं, चित्र असंच स्वच्छ हवं. खोली हवी का? आत्ताच सांगा, मागणारे पुष्कळ आहेत.

भावजयीने छताकडे पाहिलं. मग उत्तर दिलं. हातांच्या बोलण्याला आवाज नसतो. टपावर बसलेल्या माणसाला ते ऐकू जायचं कारण नव्हतं.

ती बाहेर आली. नणंद टपावर होती, चेहरा वांग्यासारखा झालेला, मांडीवर पाना.

"झालं का? की आणखी भाजू?"

"लागले कामाला."

"खोली?"

"देतो म्हणाल्या."

"जा मग," नणंद म्हणाली. "एकदाची जा. त्याचा नट माझ्या हातून सोडवलास, आता काय उरलंय? थांब, हा आवळते आणि येते खाली. गिऱ्हाईक येईल तेव्हा अँटेना लटकत नको." तिने पाना नटावर बसवला आणि सगळा भार त्यावर टाकला.

"पुरता आवळू नका, वन्सं."

"का?"

"पुढच्या गावी टॉवर कुठे असेल कुणाला माहीत. अँटेना परत फिरवावी लागेल."

नणंदेचा हात थांबला. ती खाली बघत राहिली. ऊन डोळ्यांत होतं म्हणून तिने डोळे बारीक केले, का कशाने कुणास ठाऊक.

"खोली नाही म्हणालीस?"

"मोरीजवळचा पलंग मात्र आता तुम्ही घ्यायचा. आणि अँटेना फिरते, तेव्हा गाडी सावलीत लावा नाहीतर खड्ड्यात, मी बोलणार नाही."

"बोलशील. तुझं तोंड मी ओळखते." नणंदेने पाना अर्धा वळवला. अँटेनाला हाताने हलवून पाहिलं. ती जड, पण वळत होती. "आणि चादरीवर तेल पडलं असेल तर तूच धू. मी नाही धुणार."

"पडलंय."

"पाणी दे. उतरायचं त्राण नाही मला."

भावजयीने तांब्या भरला, शिडीच्या दोन पायऱ्या चढली आणि हात लांब केला. वरून नणंदेनेही केला. मध्ये वीतभर अंतर राहिलं.

"अजून एक पायरी चढ की," नणंद खेकसली. "काय पाय झिजतात?"