शोभेची पहिली पसंती

"एक, दोन, तीन, उडी!" फोटोग्राफर ओरडला आणि शाळेच्या हिरवळीवर सात मुलींनी हातातले पांढरे कागद उंच धरून उड्या मारल्या.

कागद कोरे होते. कॉलेजची जागा मिळाली की नाही हे आता फोनवरच कळतं, कागदाचा संबंध उरलेला नाही. पण फोटोत मुलींच्या हातात काहीतरी दिसायला हवं, म्हणून मुख्याध्यापक लॅव्हर्टी यांनी ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनमधून मूठभर कागद काढून आणले होते. आता ते फोटोग्राफरच्या मागे उभे राहून "हसा की जरा! कुणाचं मयत आहे का?" असं ओरडत होते. वरच्या खिडकीतून हे पाहणाऱ्या डेलियाबाई कॉनरींना शिसारी आली.

डेलियाबाई किलमोरन गावातल्या या मुलींच्या शाळेत सत्तावीस वर्षं होत्या. शेवटच्या वर्षातल्या मुलींना पुढे काय शिकायचं, कुठे शिकायचं याचा सल्ला देणं हे त्यांचं काम. सगळ्या देशाचे कॉलेजप्रवेश गॉलवेच्या एकाच कार्यालयातून होतात. मुलींनी आपल्या आवडीच्या दहा कोर्सेसची यादी क्रमाने तिकडे पाठवायची, जूनमध्ये परीक्षा द्यायची, आणि यादीत काही वरखाली करायचंच असेल तर ते एक जुलैच्या आत. ऑगस्टच्या शेवटी तिथला कॉम्प्युटर प्रत्येकीचे गुण घेतो आणि तिची यादी वरून वाचत खाली येतो. ज्या ओळीला गुण पुरतात तिथे थांबतो, ती जागा देतो आणि त्याच्या खालचं सगळं पुसून टाकतो. खाली काय होतं, ते तिला किती हवं होतं, हे त्याला ठाऊक नसतं.

म्हणून डेलियाबाई सत्तावीस वर्षं एकच वाक्य सांगत आल्या होत्या. "जे हवंय ते वर लिही. गुणांकडे बघू नकोस, शेजारणीकडे बघू नकोस." निरोपसमारंभात मुली त्यांचा चष्मा नाकावर ओढून हे वाक्य म्हणत आणि डेलियाबाई सगळ्यात जास्त हसत.

फोटोत मधोमध डर्व्हला फिनरन होती. लॅव्हर्टींनी तिला खांद्याला धरून तिथे उभं केलं होतं. बाकीच्या उडत होत्या तेव्हा तिचे पाय जेमतेम जमिनीवरून सुटत होते. तिसऱ्या उडीनंतर तिने कागद शेजारणीच्या हातात दिला आणि ती आत आली. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा डेलियाबाईंनी खिडकी लावून घेतली.

"मिस, मला लॉ मिळालं," डर्व्हला म्हणाली. "डब्लिनचं."

"बघितलं मी."

"मग दुसऱ्या नंबरचं कधी येणार? मिडवाइफचं? त्याला तर माझे शंभर गुण जास्तच आहेत. फोनवर ते दिसतच नाहीये."

डेलियाबाईंनी खुर्ची पुढे केली. मुलगी बसली नाही.

"ते नाही येणार आता."

"दुसऱ्या फेरीत?"

"कुठल्याच फेरीत नाही गं. वरचं मिळालं की खालचं जातं."

"अहो, पण वरचं मिळणारच नाही म्हणाले होते सर! नुसतं शोभेला आहे म्हणाले! आणि तुम्ही पण..." तिथे ती थांबली. मोठ्यांना तोंडावर बोलायचं नाही असं वळण असलेली मुलगी. तिने ओठ दाबून धरले आणि फोन पुन्हा एकदा उघडून पाहिला, जणू तेवढ्यात कुणी काही बदललं असेल.

दोन वर्षांपूर्वी याच खोलीत डेलियाबाईंनी तिला विचारलं होतं, काय व्हायचंय तुला? त्या वयाच्या मुली या प्रश्नावर नखं खातात, खिडकीबाहेर बघतात. ही फाडकन म्हणाली होती, "मिस, बाळ बाहेर येतं ना, तेव्हा मला तिथं असायचंय." तिच्या बापाच्या चाळीस गाई. अकराव्या वर्षापासून ती रात्री-अपरात्री वासरं ओढून काढायला बापाबरोबर गोठ्यात असे, कारण तिचे हात लहान होते आणि ती घाबरत नसे. या फेब्रुवारीत डेलियाबाईंनी तिच्या यादीत पहिल्या ओळीवर गॉलवेचा मिडवाइफचा कोर्स लिहवून घेतला होता. या वर्षीची सगळ्यात सोपी यादी.

मग आला जूनचा शेवट.

दर नोव्हेंबरात एक मोठं वर्तमानपत्र देशातल्या सगळ्या शाळांचा तक्ता छापतं. कुठल्या शाळेतून किती मुलं विद्यापीठात गेली, आणि त्यातली किती मोठमोठ्या गुणांच्या कोर्सला गेली. गेल्या वर्षी नदीपलीकडची मुलांची शाळा किलमोरनच्या दोन पायऱ्या वर होती. लॅव्हर्टींनी ते पान वर्षभर टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. बाळंतपणं करणारी पोर त्या तक्त्यात कुठेच उठून दिसत नाही. लॉला जाणारी दिसते.

एकोणतीस जूनला ते डर्व्हलाला घेऊन डेलियाबाईंच्या खोलीत आले. लॅपटॉप उघडाच होता.

"मी हिला म्हणतोय, वर एक लॉ टाकून ठेव," ते म्हणाले. "मिळतंय कुठे! शोभेला असू दे. मिडवाइफ आहेच की खाली, पळून चाललीय थोडीच? हो ना डेलिया?"

डर्व्हलाने डेलियाबाईंकडे पाहिलं. "काही बिघडणार नाही ना मिस?"

बिघडणार होतं. शिक्षकांनी कळवलेले तिचे अंदाजी गुण डेलियाबाईंनी स्वतः त्या आठवड्यात पाहिले होते. लॉच्या उंबरठ्यावर होती पोरगी. लॅव्हर्टींनीही ते पाहिले होते, म्हणून तर ते सगळ्या वर्गातून तिलाच धरून घेऊन आले होते. पण पुढच्या वर्षीचे सल्ल्याचे तास किती ठेवायचे हे अजून ठरायचं होतं. "आता हे सगळं कॉम्प्युटरवरही होतं म्हणे," असं लॅव्हर्टी एप्रिलपासून दोनदा म्हणून झाले होते. डेलियाबाईंच्या पूर्ण पेन्शनला दोन वर्षं कमी होती. आणि लॅव्हर्टी दारात हात टेकून उभे होते, हसत.

"नाही गं," डेलियाबाई म्हणाल्या. "वर एखादं स्वप्न असावं माणसाच्या."

डर्व्हलाने दोन ओळी वरखाली केल्या. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. त्या दिवशी घरी जाऊन डेलियाबाईंनी जेवण केलं, बातम्या पाहिल्या आणि त्यांना झोपही लागली. आता आठवून सगळ्यात जास्त किळस त्याचीच येत होती, की झोप लागली होती.

शुक्रवारी लॅव्हर्टींनी त्यांना ऑफिसात बोलावलं. फोटो छापून आला होता. पहिलं पान, मधोमध डर्व्हला, हातात कोरा कागद.

"पोरगी नाही म्हणते म्हणे," ते म्हणाले. "आईचा फोन होता मला. घरात रडारड चालली आहे. लॉ नाकारायचं म्हणजे काय! कोण नाकारतं? मंगळवारी तीनच्या आत होकार गेला पाहिजे, नाहीतर जागा गेली. डेलिया, तुम्ही जा. तुमचं ऐकतात ती माणसं."

"काय सांगू त्यांना?"

"खरं तेच सांगा. मोठी संधी आहे. तिच्यासाठी म्हणतोय मी."

तिच्यासाठी! हा माणूस हे बोलताना डोळ्यांत डोळे घालून बोलत होता. लाज नावाची गोष्ट त्याने कधीच कुठल्या खुंटीला टांगून ठेवली असावी. डेलियाबाईंना वाटलं, टेबलावरचा तो पेपर चुरगळून याच्या तोंडात कोंबावा. त्यांनी तसं काही केलं नाही. "जाते," म्हणाल्या आणि बाहेर आल्या. सत्तावीस वर्षांत त्या कुठल्याही मुख्याध्यापकाला नाही म्हणाल्या नव्हत्या, हेही त्यांना त्या व्हरांड्यातच कळलं.

शनिवारी फिनरनांच्या गोठ्यात संध्याकाळची दुधं काढून झाल्यावर त्या त्यांच्या घरी पोहोचल्या. स्वयंपाकघरात टेबल मांडलेलं होतं. घरी भाजलेला तपकिरी ब्रेड, लोणी, हॅमचे काप, मोठी किटली. कपाटावर अभिनंदनाची कार्डं ओळीने उभी होती. डर्व्हलाची आई कार्मेल धावतच पुढे आली.

"या, या मिस कॉनरी! बसा. तुम्हीच सांगा हिला चार शब्द. अहो, बॉस्टनहून माझ्या बहिणीचा फोन आला, काल दुकानात तीन जणींनी मिठी मारली मला. वकील होणार म्हणे फिनरनांची पोर! आणि ही बघा. चार दिवस तोंडातून शब्द नाही."

डर्व्हला सिंकपाशी पाठमोरी उभी राहून दुधाचे डबे घासत होती. बाप मॅटी टेबलाच्या टोकाला बसला होता, मोजे घातलेले पाय चुलीकडे करून. तो म्हणाला, "तिला नको असेल तर नको."

"तुम्ही गप्प बसा हो! तुम्हाला काय, गोठ्यात माणूस मिळेल फुकटचं!"

"फुकटचं म्हणे! माझ्याकडून दर वासरामागे चॉकलेट उकळते ती."

कार्मेलने चहा ओतला. डेलियाबाईंनी कप हातात धरला, पण प्यायल्या नाहीत.

"मला लॅव्हर्टींनी पाठवलंय," त्या म्हणाल्या. "होकार द्या असं सांगायला. ते मी सांगणार नाही. मला दुसरं सांगायचंय."

सिंकमधला डब्यांचा आवाज थांबला.

"जूनमध्ये हिने मला विचारलं होतं, लॉ वर टाकलं तर काही बिघडेल का. मी नाही म्हटलं. बिघडेल हे मला माहीत होतं. हिचे गुण तिथवर जातील हे मी वाचलं होतं. मुख्याध्यापकांना पेपरातल्या तक्त्यात शाळा वर न्यायची होती, म्हणून त्यांनी ते करवलं. आणि ते दारात उभे होते, म्हणून मी हो ला हो केलं."

कार्मेल किटली हातात धरूनच उभी राहिली. तिला हे पचवायला वेळ लागत होता. चार दिवस ती ज्या आनंदात होती तो कुठून आला हे तिला आता समजत होतं, आणि तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मॅटी म्हणाला.

"होतं."

"आणि बोलला नाहीत."

"बोलले की. खोटं बोलले."

मॅटीने मान खाली घातली. तो शिव्या देईल, बाहेर हो म्हणेल असं डेलियाबाईंना वाटलं होतं. वाटेत गाडीत त्यांनी त्याची तयारीही केली होती. पण तो नुसता आपल्या तळहाताकडे बघत राहिला. कार्मेलने किटली चुलीवर ठेवली. त्या घरात आलेल्या माणसाला तीन-तीनदा आग्रह झाल्याशिवाय उठू देत नसत. त्या दिवशी ब्रेडची बशी होती तिथेच राहिली, कुणी पुढे केली नाही.

डर्व्हलाने हात पुसले आणि टेबलाशी आली. "मिस, हे गुण पुढच्या वर्षी चालतात ना?"

"चालतात. परीक्षा परत द्यावी लागत नाही. फेब्रुवारीत नवा फॉर्म भरायचा, बस."

"मग ठीक आहे. मी लॉला नाही म्हणून कळवते." ती आईकडे वळली. "मम्मी, गावातल्या वृद्धाश्रमात माणसं हवी आहेत. वर्षभर तिथं करते काम. रडू नकोस गं. वर्षच तर आहे."

वर्षच तर आहे. अठरा वर्षांच्या मुलीने आपल्या आईची समजूत काढायची आणि सत्तावन्न वर्षांच्या बाईने समोर बसून ऐकायचं. वर्गातल्या बाकीच्या पोरी पुढच्या आठवड्यात बॅगा भरून जाणार, खोल्या शोधणार, नव्या मैत्रिणी करणार, आणि ही इथे राहून म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलणार. तिने काही चूक केली म्हणून नव्हे. ज्या बाईवर विश्वास ठेवावा असं सगळं गाव सांगत होतं, तिला तिने विचारलं म्हणून.

डेलियाबाई उठल्या. कोटाची बटणं लावताना त्या म्हणाल्या, "फेब्रुवारीत फॉर्म भरशील तेव्हा मला फोन कर. मी स्वतः येईन. एकेक ओळ बसून बघू आपण."

डर्व्हलाने थोडा विचार केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"नको मिस," ती म्हणाली. "या वेळी माझं मी भरते."

मॅटी उठून उभा राहिला, टोपी हातात घेतली, पण दारापर्यंत आला नाही. डर्व्हला आली. अंगणात चिखल होता आणि कोपऱ्यातून फिनरनांचा काळा-पांढरा कुत्रा शेपूट हलवत पाहुणीच्या अंगावर उडी घ्यायला धावला. डर्व्हलाने पटकन वाकून त्याचा पट्टा धरला.

"जा मिस. तुमचा कोट खराब होईल. मी धरलंय याला."

डेलियाबाई गाडीत बसल्या. गाडी वळवून फाटकाबाहेर काढेपर्यंत मुलगी तशीच वाकून, दोन्ही हातांनी कुत्र्याला धरून उभी होती. गाडी रस्त्याला लागल्यावर तिने त्याला सोडलं आणि फाटक लावून घेतलं.